पेशी, गुणसूत्रं आणि वनस्पतींची आनुवंशिकी: कोल्हापुरातल्या संशोधक विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चं डिझर्टेशन हाती घेणारे आणि पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांना सारखी जागा दिलेली नाही. मुळाचं टोक तोडल्यापासून ते फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे पेशी आहेत त्या स्थितीत थांबवणाऱ्या द्रावणात, पडेपर्यंतच्या चार-पाच तासांत जे बिघडतं, ते पुढे कुठल्याही रंगाने किंवा महागड्या सूक्ष्मदर्शकाने सुधारत नाही. म्हणून त्या तासांवर जास्त लिहिलं आहे.

विषय कोणता घ्यावा?

कोल्हापूरच्या एका बाजूला ऊस, भात, सोयाबीन, भुईमुगाची शेतं आहेत आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचा घाटमाथा आणि जांभ्याचे सडे. दोन्हीकडे काम भरपूर आहे, पण दोन्हींचं वेळापत्रक वेगळं. सेरोपेजिया म्हणजे आपली कंदीलपुष्पं. त्यातल्या काहींना खरपुडी म्हणतात आणि त्यांचे कंद खाल्ले जातात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात या प्रजातींचं जतन झालेलं आहे. त्यामुळे हा विषय मनात लगेच येतो. यातल्या बहुतेक प्रजातींत २n, म्हणजे शरीरपेशीतली गुणसूत्रांची संख्या, २२ असते, गुणसूत्रं फार बारीक असतात आणि मुळं मिळण्याचा काळ थोडा असतो. तरीही हा विषय घ्यायचा असेल तर पीएच.डी.साठी घ्या.

चौथं सेमिस्टर साधारण जानेवारीत सुरू होतं. तेव्हा सड्यावरच्या कंदवर्गीय वनस्पती जमिनीखाली निजलेल्या असतात. जानेवारीत विषय ठरवून मार्चपर्यंत मुळं मिळवायची म्हटलं तर हाती काहीच येत नाही. एम.एस्सी.च्या मुदतीत कांदा (२n = १६), हरभरा (२n = १६), ज्वारी (२n = २०) किंवा भात (२n = २४) यांच्यावर काम होऊ शकतं, कारण बी किंवा कंद हवा तेव्हा रुजवता येतो. आजरा घनसाळसारख्या स्थानिक भाताच्या वाणांची डीएनए मार्करच्या (डीएनएतल्या ओळखखुणांच्या) मदतीने तुलना करणं हाही चांगला आणि आपल्या भागाच्या उपयोगाचा विषय आहे.

जंगलातून नमुना आणायला परवानगी लागते का?

राधानगरी अभयारण्य किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वन विभागाची लेखी परवानगी लागतेच. पानाचा तुकडा हवा असला तरी लागते. राखीव वनातही तोंडी 'हो'वर जाऊ नका. अर्जात प्रजातींची नावं, किती नमुने, वनस्पतीचा कुठला भाग, कुठल्या महिन्यात, आणि मार्गदर्शकाचं पत्र एवढं असावं. पावसाळ्यात नमुने हवे असतील तर अर्ज फेब्रुवारीतच करा.

नमुना किंवा डीएनए परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो आणि विषय चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जातो. सिक्वेन्सिंग देशात होत असेल तर ते देशातच करून घ्या.

दुर्मीळ प्रजातीचा कंद उपटू नका. उद्यानात जतन केलेल्या कुंडीतल्या रोपाची चार मुळं कामाला पुरेशी असतात.

हर्बेरियम नमुना खरंच करावा लागतो का?

हो. गुणसूत्रांची संख्या छापायची आणि ती कुठल्या झाडाची हे दाखवता आलं नाही, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. ज्या झाडाचं मूळ घेतलं त्याच झाडाची फुलासकट फांदी दाबून, ठिकाण, उंची, तारीख आणि संग्रह क्रमांक लिहून ती विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे 'एसयूके'मध्ये, जमा करा. सेरोपेजियाची फुलं दाबल्यावर ओळखू येत नाहीत. दोन-तीन फुलं ७०% अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवा आणि उमललेल्या फुलाचा बाजूने फोटो घ्या.

मुळं कुठून आणि कशी मिळवायची?

सरावासाठी मंडईतला मध्यम आकाराचा कांदा घ्या. तळाची वाळकी मुळं ब्लेडने खरवडून काढा, पण खालची तबकडी कापू नका. रुंद तोंडाच्या बाटलीवर तो असा बसवा की तळ पाण्याला जेमतेम टेकेल. पाणी रोज बदला. दोन ते चार दिवसांत मुळं येतात. फार दिवस साठवलेल्या कांद्याला कधी कधी मुळंच फुटत नाहीत, म्हणून एका वेळी पाच-सहा लावा. लसणाची पाकळीही चालते.

बियांसाठी पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर पेपर. मुळं १ ते १.५ सेंमी झाली की घ्यायची. ३-४ सेंमी झालेल्या मुळांत विभाजन होणाऱ्या पेशी कमी सापडतात. टोक टणक आणि पांढरट-पिवळसर हवं. पारदर्शक किंवा तपकिरी झालेलं टोक टाकून द्या.

मुळं सकाळी किती वाजता घ्यायची?

कांद्यासाठी साधारण ८ ते ११ ही वेळ सांगितली जाते आणि सुरुवातीला तीच धरा. पण ती सगळ्या वनस्पतींना लागू नाही. तुमच्या वनस्पतीसाठी एक दिवस खर्च करा. सकाळी ७ पासून दुपारी १ पर्यंत दर तासाला पाच मुळं थेट फिक्स करा, प्रत्येकातल्या ५०० पेशी मोजा आणि विभाजन कुठे जास्त दिसतं ते पाहा. हा एक दिवस पुढचे दोन महिने वाचवतो. एप्रिल-मे महिन्यात खोली ३५ अंशांच्या वर गेली की विभाजन मंदावतं. त्या दिवसांत मुळं रात्रभर माठाजवळ किंवा थंड खोलीत ठेवा.

प्रीट्रीटमेंट कुठली?

प्रीट्रीटमेंट पेशीतले तर्कूचे धागे मोडते. गुणसूत्रं ध्रुवांकडे ओढली न जाता मेटाफेजला, म्हणजे विभाजनाच्या मधल्या टप्प्याला, थांबतात, आखडतात आणि एकमेकांपासून सुटी होतात. नेहमीचे पर्याय असे.

८-हायड्रॉक्सीक्विनोलिन, ०.००२ मोलर: १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.२९ ग्रॅम. गार पाण्यात ते लवकर विरघळत नाही. ६० अंशांवर ठेवून अधूनमधून हलवत रात्रभर सोडा, मग गाळून काळ्या बाटलीत भरा. १६ ते १८ अंशांवर ३ ते ४ तास. गुणसूत्राची आकुंचनं यात सर्वांत स्पष्ट दिसतात, म्हणून कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांच्या आकार-लांबीच्या आराखड्यासाठी, हेच घ्या.

पॅराडायक्लोरोबेंझिन, संपृक्त द्रावण: १२ ते १६ अंशांवर साधारण ३ तास. बारीक गुणसूत्रांसाठी चांगलं.

कोल्चिसिन, ०.०५%: १०० मिली पाण्यात ५० मिलिग्रॅम, खोलीच्या तापमानाला २ ते ३ तास. मोजणीसाठी ठीक, मात्र वेळ वाढली की गुणसूत्रं इतकी आखडतात की भुजा मोजता येत नाहीत. हे विष आहे. वनस्पतीच्या ट्यूब्युलिनपेक्षा प्राण्यांच्या ट्यूब्युलिनला ते कितीतरी घट्ट चिकटतं, म्हणजे मुळापेक्षा तुमच्या शरीराला धोका जास्त. हातमोजे घाला, पावडर पंख्याखाली तोलू नका.

बर्फाचं पाणी, ० ते २ अंश, २४ तास: गवतवर्गासाठी, म्हणजे ज्वारी-गव्हासारख्या पिकांसाठी, सोपा आणि बिनविषारी मार्ग. थर्मासमध्ये होतो.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या तापमानाच्या असतात. '१६ अंश' म्हणजे फ्रिज नव्हे. फ्रिज ४ अंशांचा असतो. मे महिन्यात टेबलावर ठेवलेली बाटली ३४ अंशांवर असते. बीओडी इनक्यूबेटर मोकळा नसेल तर थर्माकोलच्या डब्यात पाणी घ्या, थोडा थोडा बर्फ घालत राहा, थर्मामीटर आत बुडवून ठेवा आणि दर वीस मिनिटांनी आकडा वहीत लिहा.

फिक्सेशनमध्ये काय सांभाळायचं?

तीन भाग ॲब्सोल्यूट अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. वापरण्याच्या अगदी आधी मिसळा. मिश्रण ठेवून दिलं की आम्ल आणि अल्कोहोल यांच्यात क्रिया होऊन एथिल ॲसिटेट आणि पाणी तयार होतं, आणि फिक्सेटिव्हचा जोर जातो. काल उरलेलं आज वापरू नका. दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट चालत नाही. ॲब्सोल्यूट अल्कोहोल उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर विभागाला मिळतं, त्यामुळे साठा संपण्याआधी मागणी नोंदवा.

मुळं आधी पाण्याने धुऊन टिपून घ्या. फिक्सेटिव्हचं आकारमान मुळांच्या किमान दहापट हवं. २४ तास ठेवा, मग ७०% अल्कोहोलमध्ये, ४ अंशांवर.

हायड्रोलिसिस, रंग आणि स्क्वॅश?

१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, ६० अंश, ८ ते १० मिनिटं. ३५% ॲसिड सुमारे ८.८ मिली घेऊन १०० मिली करायचं, आणि ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. ॲसिड आधीच ६० अंशांवर आलेलं असावं. गार ॲसिडमध्ये मुळं टाकून बाटली वॉटर बाथमध्ये ठेवली तर पहिली पाच मिनिटं वाया जातात. ॲसिड पेशींमधला पेक्टिनचा सांधा सैल करतं, तेव्हाच पेशी पसरतात. बारीक मुळांना ६ मिनिटं पुरतात.

ॲसिटोकार्मिन: ४५% ॲसेटिक ॲसिडच्या १०० मिलीत १ ग्रॅम कार्मिन, मंद आचेवर अर्धा ते एक तास उकळून, गार करून गाळा. रंग गडद येण्यासाठी लोहाचा अंश लागतो. टाचणीने ढवळलं तरी पुरतो. लोह जास्त झालं की काळे कण पडतात. फॉइलगेन (फक्त डीएनए रंगवणारी पद्धत) करणार असाल तर शिफ अभिकर्मक बिनरंगी किंवा फिकट पिवळा हवा. गुलाबी झालेला टाकून द्या. अंधारात तासभर ठेवल्यावर मुळाचं फक्त टोक जांभळं दिसलं तर सगळं बरोबर झालं.

स्क्वॅशला फक्त ते गडद टोक, १ मिमी. बाकीचं मूळ काचेवर ठेवलंत तर कव्हर ग्लास सपाट बसत नाही. ४५% ॲसेटिक ॲसिडचा एक लहान थेंब, कव्हर ग्लास, सुईच्या मागच्या टोकाने हलके ठोके, मग फिल्टर पेपरखाली अंगठ्याने सरळ खाली दाब. कव्हर ग्लास आडवा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि ती स्लाइड गेली.

प्लेट दिसत नाहीत. कुठे चुकलं?

प्लेट म्हणजे एका पेशीतली पसरलेली, मोजता येतील अशी मेटाफेजची गुणसूत्रं. सगळ्या पेशी इंटरफेजमध्ये, म्हणजे विभाजन सुरू नसलेल्या टप्प्यात, असतील तर मूळ जुनं होतं, वेळ चुकीची होती किंवा टोकाऐवजी वरचा भाग घेतला गेला. मेटाफेज आहेत पण गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली आहेत, तर प्रीट्रीटमेंट कमी पडली किंवा दाब कमी. गुणसूत्रं ठिपक्यांसारखी झाली, तर प्रीट्रीटमेंट जास्त झाली. सगळं पेशीद्रव्य लाल दिसत असेल तर फिक्सेटिव्ह शिळं होतं किंवा रंगात जास्त वेळ ठेवलं. काच ज्योतीवरून हलकेच फिरवून ४५% ॲसेटिक ॲसिडने थोडं सुधारतं. पेशी थरांत राहिल्या असतील तर हायड्रोलिसिस वाढवा. फुटून विखुरलेल्या असतील तर कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलून प्लेट आली तर ती कशामुळे आली हे कळत नाही.

किती प्लेट मोजायच्या?

संख्येसाठी किमान पाच झाडं आणि प्रत्येकी पाच-सहा स्वच्छ प्लेट. कॅरिओटाइपसाठी एकाच तीव्रतेने आखडलेल्या दहा तरी प्लेट घ्या. मापं घेण्याआधी स्टेज मायक्रोमीटरने त्याच वस्तुभिंगावर, त्याच कॅमेऱ्यावर मोजपट्टी बसवा. कॅमेरा बदलला की पुन्हा बसवा. लांब भुजा भागिले आखूड भुजा हे गुणोत्तर १.७ पर्यंत असेल तर मेटासेंट्रिक, १.७ ते ३ सबमेटासेंट्रिक, ३ ते ७ सबटेलोसेंट्रिक. ही १९६४ सालची विभागणी आजही वापरात आहे. गुणसूत्रं १-२ मायक्रोमीटरची असतील तर दुसऱ्या दशांशाला फारसा अर्थ नसतो, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

मायोसिससाठी कळ्या कुठल्या?

मायोसिस म्हणजे पराग तयार होतानाचं अर्धसूत्री विभाजन. सरावाला बागेतलं ऱ्होइओ उत्तम. त्यात २n = १२ असतं आणि स्थानांतरणामुळे (गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीमुळे) बारा गुणसूत्रांची साखळी किंवा वलय दिसतं. गुणसूत्रं मोठी असल्याने नवशिक्यालाही ते ओळखता येतं. एका फुलोऱ्यातल्या सगळ्या आकारांच्या कळ्या क्रमाने फिक्स करा. एकेका कळीतला एकच परागकोश फोडून पाहा; टप्पा योग्य असेल तर उरलेले परागकोश कामाला येतात. सेरोपेजियात पराग पोलिनियाच्या, म्हणजे चिकटून झालेल्या गोळ्याच्या, पिशवीत असतो आणि परागकोश इवलासा, त्यामुळे मायोसिसची सुरुवात तिथून करू नका.

उसाची गुणसूत्रं मोजू का?

लागवडीखालच्या उसात साधारण १०० ते १३० गुणसूत्रं असतात. दोन प्रजातींच्या संकरातून आलेली, आणि एकाच वाणाच्या नोंदींतही आकडा हलणारा. एम.एस्सी.साठी घेऊ नका. उसावरच काम करायचं असेल तर मार्कर घ्या. को ८६०३२ आणि फुले २६५ आपल्याच शेतांत उभे आहेत, पण बेणं ओळखीच्या शेतातून न आणता संशोधन केंद्रातून, वाणाच्या खात्रीसह आणा. मुळं हवीतच तर एक डोळ्याची टिपरी ओल्या वाळूत लावा. आठवड्याभरात कांडीवरची मुळं येतात. ॲसिडपेक्षा सेल्युलेज-पेक्टिनेजने पेशी जास्त चांगल्या सुटतात.

डीएनए तपकिरी किंवा चिकट येतो. का?

तपकिरी रंग फिनॉलचा, चिकटपणा पॉलिसॅकराइडचा. उसात पहिला त्रास, कंदवर्गीय आणि चीक असलेल्या वनस्पतींत दुसरा. उपाय पानापासून सुरू होतो: उसाच्या पोंग्यातलं न उलगडलेलं पांढुरकं पान घ्या, हिरवं नको. मोठं पान सिलिका जेलमध्ये वाळवलं तरी चालतं, पण जेल पानाच्या दहापट हवं आणि पान दिवसाच्या आत वाळलं पाहिजे.

डीएनए काढायचा १०० मिली सीटॅब (एक डिटर्जंट) बफर असा: सीटॅब २ ग्रॅम, मीठ ८.१८ ग्रॅम, १ मोलर ट्रिस पीएच ८ चं १० मिली, ०.५ मोलर ईडीटीए ४ मिली, पीव्हीपी १ ते २ ग्रॅम. बीटा-मरकॅप्टोइथॅनॉल वापरतानाच ०.२% घाला, फ्यूम हूडमध्ये. १०० मिलिग्रॅम पानाला १ मिली बफर, ६५ अंशांवर ४५ मिनिटं. मग तितकंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ घालून हळू उलटसुलट करा. व्होर्टेक्सवर डीएनए तुटतो. वरचा थर उचलताना मधल्या पांढऱ्या थराला स्पर्श होऊ देऊ नका. लोभाने उचललेले शेवटचे ५० मायक्रोलिटर सगळी मेहनत घालवतात. उचललेल्या थराच्या दोन तृतीयांश इतकं गार आयसोप्रोपॅनॉल, मग ७०% अल्कोहोलने दोनदा धुणं. चिकटपणा राहिला तर मीठ २ मोलरपर्यंत वाढवून पुन्हा अवक्षेपण करा.

थंडीत सीटॅब बाटलीतच गोठून पांढरं होतं. ते खराब झालेलं नसतं, कोमट करा. शुद्धता पाहताना प्रकाशशोषणाचं २६०/२८० गुणोत्तर १.८ च्या आसपास आणि २६०/२३० गुणोत्तर २ च्या आसपास हवं. दुसरं १ च्या खाली असेल तर पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणं) बहुतेक चालणार नाही.

पीसीआरचं मिश्रण?

२५ मायक्रोलिटरसाठी: १०x बफर २.५, २५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड १.५, डीएनटीपी (प्रत्येकी १० मिलिमोलर) ०.५, दोन्ही प्रायमर १० मायक्रोमोलरचे प्रत्येकी १, टॅक ०.२, डीएनए १ (सुमारे ५० नॅनोग्रॅम), पाणी १७.३. बफरमध्ये मॅग्नेशियम आधीच आहे का ते बाटलीवर वाचा. बँड आला नाही तर पहिला उपाय डीएनए वाढवणं हा नव्हे. तो दहापट पातळ करून पाहा, कारण अडथळा करणारे पदार्थही पातळ होतात. पाण्याचा कंट्रोल प्रत्येक वेळी. त्यात बँड आला तर त्या दिवसाचं सगळं बाद.

कुठला मार्कर?

वाणांची तुलना आणि संकर तपासायला एसएसआर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्ती), कारण त्यात दोन्ही ॲलील दिसतात. पैसे कमी आणि जीनोमची माहिती नसेल तर आयएसएसआर (त्या पुनरावृत्तींमधला भाग). प्रजाती ओळखायला आरबीसीएल आणि मॅटके ही जनुकं, जवळच्या प्रजातींत आयटीएस हा डीएनएचा भाग. आरएपीडी (यादृच्छिक प्रायमरची पद्धत) आता नको; यंत्र बदललं की बँड बदलतात.

एफ२ मध्ये किती झाडं हवीत?

एफ२ म्हणजे संकराची दुसरी पिढी. तिच्यात एक अप्रभावी झाड तरी सापडावं असं ९५% खात्रीने हवं असेल तर ११ पुरतात, कारण ०.७५ चा ११ वा घात ०.०४२ आहे. पण प्रभावी आणि अप्रभावी यांचं ३:१ प्रमाण सिद्ध करायला ११ झाडं कामाची नाहीत. दीडशेच्या आसपास ठेवा. समजा १६० पैकी १२८ उंच आणि ३२ ठेंगू आली. अपेक्षा १२० आणि ४०. काय-वर्ग ०.५३ अधिक १.६०, म्हणजे २.१३. मर्यादा ३.८४. म्हणून ३:१ नाकारता येत नाही. 'सिद्ध झालं' असं लिहू नका. आणि काय-वर्ग नेहमी प्रत्यक्ष संख्येवर काढा, टक्केवारीवर कधीच नाही.

पीएच.डी.चे नियम थोडक्यात?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरलेला मार्गदर्शक नवा विद्यार्थी घेऊ शकत नाही, हे आधीच विचारून घ्या. मजकुरातलं साम्य १०% पर्यंत चालतं. सीएसआयआर किंवा यूजीसीची जेआरएफ मिळाली नाही तर सारथी, बार्टी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. हंगामी वनस्पती घेतली असेल तर ३ वर्षं म्हणजे तीनच पावसाळे. त्यातला पहिला कोर्सवर्कमध्ये जातो, म्हणून प्रवेश मिळाल्याबरोबर कुंड्या लावून ठेवा.

पावसाळ्यात प्रयोगशाळेत काय सांभाळायचं?

बुरशी. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर ती एकदा वाढली की काचेवरचा लेप खाते. वस्तुभिंगं सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये वाळवा. कोरड्या पावडरींच्या बाटल्या डेसिकेटरमध्ये. वीज जाते तेव्हा पीसीआर यूपीएसवर असू द्या. डीएनएच्या दोन प्रती दोन वेगळ्या डीप फ्रीझरमध्ये.

फिक्स केलेली मुळं किती दिवस टिकतात?

७०% अल्कोहोलमध्ये, ४ अंशांवर, काही महिने चांगली. त्यानंतर रंग फिका पडत जातो आणि मुळं ठिसूळ होतात. अल्कोहोल उडून पातळी खाली आली का ते महिन्यातून एकदा पाहा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, कारण बाहेरची पेनाची अक्षरं अल्कोहोलचा एक ओघळ लागला की पुसली जातात. चिठ्ठीवर संग्रह क्रमांक, तारीख, फिक्स केल्याची वेळ, प्रीट्रीटमेंट आणि तिचं तापमान एवढं असावं.